शॅगबार्क की बिटरनट? हिकरी कोणत्या ऋतूत ओळखावी

अमेरिकेत न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियाकडे घरामागे थोडं रान असेल, तर त्यात हिकरी (अक्रोडाच्या कुळातलं झाड) निघण्याची शक्यता बरीच. शरदात तिची फळं वेचायची की खारींना सोडून द्यायची, हे ती कुठली हिकरी आहे यावर ठरतं. शॅगबार्क आणि बिटरनट या तिच्या दोन जाती. शॅगबार्कचा गर गोड, पिकॅन या अक्रोडासारख्या सुक्या मेव्याची आठवण करून देणारा (पिकॅन हीसुद्धा हिकरीच). बिटरनटचा गर मात्र तोंडात धरवत नाही.

बहुतेकजण खोड बघतात. शॅगबार्कच्या सालीचे लांब पट्टे मधे चिकटलेले आणि टोकांना सुटलेले असतात. उन्हाळ्यात त्यांच्या आड वटवाघळं राहतात. बिटरनटची साल घट्ट, बारीक जाळीदार. पण एक अडचण आहे. शॅगबार्कचं खोडही तरुणपणी गुळगुळीतच असतं, पट्टे सुटायला बरीच वर्षं जातात. म्हणून माझी भिस्त हिवाळ्यावर. पानं झडली की डहाळीच्या टोकाची कळी पाहा. बिटरनटची कळी बारीक आणि हळदीत बुडवून काढल्यासारखी पिवळी. शॅगबार्कची जाडजूड, तपकिरी, बाहेरचे खवले सैल झालेले. फांद्या उंच असतील तर वादळानंतर खाली पडलेली डहाळी शोधावी.

वसंतात शॅगबार्कची कळी उमलताना आतले खवले लांब वाढून मागे वळतात. त्यांची पिवळसर-गुलाबी झाक पाहून लोक त्यांनाच फुलं समजतात. खरी फुलं म्हणजे हिरवे लोंबते तुरे. ते दोन्हीकडे सारखेच, तेव्हा त्यांचा उपयोग नाही.

उन्हाळ्यात पर्णिका, म्हणजे एका देठावरच्या संयुक्त पानातली छोटी पानं, मोजा: शॅगबार्कला सहसा 5, बिटरनटला 7 ते 9. पण 5 दिसल्या म्हणजे शॅगबार्कच, असं नाही. पिगनट हिकरीलाही बहुधा 5च असतात. पानं समोरासमोर जोडीने आलेली असली तर झाड हिकरी नव्हे, अ‍ॅश असेल. पर्णिका पंधराच्या वर गेल्या तर काळा अक्रोड धरा.

शरदात दोन्ही झाडं सोनेरी होतात, त्यामुळे रंग सोडून द्या आणि फळ हातात घ्या. शॅगबार्कचं हिरवं टरफल जाड असतं आणि बुडापर्यंत चिरून त्याच्या चार फाका होतात. बिटरनटचं पातळ, वरच्या अर्ध्यावर चार कंगोरे आणि चीरही साधारण तिथपर्यंतच. गंमत म्हणजे आतलं कवच सहज फुटतं ते कडूचं. गोडासाठी हातोडी लागते.

नुसतं झाड ओळखायचं असेल तर जानेवारीत जा. फळं हवी असतील तर हिवाळ्यात खोडाला खूण करून ठेवा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, खारींच्या आधी पोचा. वेचलेली फळं सोलून पाण्यात टाका. तरंगतील ती बहुधा किडकी किंवा पोकळ, ती फेकून द्या.