देवबागचा संगम : एका सांगलीकराचा अनुभव
आम्ही सांगलीच्या आयर्विन पुलावर कृष्णेचं पाणी फुटात मोजणारी माणसं. हरिपूरला वारणा कृष्णेत मिसळते ती गुपचूप, म्हशीसुद्धा मान वर करत नाहीत. मालवणजवळ देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं मात्र चांगलीच जुंपते. एका अंगाला नदी, दुसऱ्याला समुद्र, मधे माडांनी भरलेली चिंचोळी वाळूची पट्टी. ओहोटीला नदीचं पाणी जोरात बाहेर पडतं, समोरून लाट येते आणि मुखावरच्या वाळूच्या दांड्यावर जागच्या जागी उभी राहून फुटते. अर्धा तास तेच बघत बसलो. टोकाला पोहायला उतरू नका, पाण्याला फार ओढ आहे.

राधानगरी, फोंडाघाट, कणकवली, कसाल, मालवण असे गेलो. तारकर्लीपुढचा रस्ता एवढा अरुंद, की समोरून एसटी आली की आपण रिव्हर्स! बोटवाल्यानं 'त्सुनामी आयलंड'ला नेलं, तर भरतीमुळं बेट गुडघाभर पाण्यात. हे पैसे घेण्याआधी सांगायला नको? भरती-ओहोटीची वेळ बघूनच बोट ठरवा.

सोलकढी दोनदा मागितली. बायको म्हणाली, "आता तरी ती भडंगाची पिशवी आत ठेवा."