.375 की 9.3 × 62 : परवान्यावर एकच जागा उरली असेल तर

डिसेंबर 2019 मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येऊ लागली. मुळशी-वेल्ह्याकडे शेती असलेल्या घरांत त्यातली एक बहुतेक 12 बोअरची छऱ्याची बंदूक असते आणि ती कोणी सोडायला तयार नसतं. मग मध्यम बोअरच्या रायफलीला जागा उरते एकच. माझ्याकडे आजोबांच्या वेळच्या दोन होत्या, इंग्लिश बनावटीची .375 हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम आणि जर्मन 9.3 × 62 माउझर. एक ठेवली, दुसरी परवानाधारक विक्रेत्यामार्फत जाणत्या हातात जाईल असं बघितलं. परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा शस्त्र त्याच्याकडे 25 वर्षं असलं की वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो, त्यामुळे पुण्यात बऱ्याच मुलांपुढे आता हाच प्रश्न येतोय.

आधी .315 बोअरच्या रायफलीचा विषय बाजूला ठेवतो. तिची काडतुसं आपल्या खडकीत बनतात, पेंद्यावर ‘केएफ’ असा शिक्का असतो, आणि नियमित गोळी चालवायची असेल तर तीच शहाणी निवड आहे. पण जिच्यासाठी कपाटात मखमल लावावी अशी रायफल हवी असेल, तर गाडी शेवटी या दोघींपाशीच येते.

संग्राहकाच्या नजरेने .375 उजवी आहे, हे मोकळेपणाने मान्य करतो. 1912 चं हे काडतूस आजही जगभर तितकंच मानानं चालतं. आपल्याकडे आलेल्या इंग्लिश रायफलींवर कोरीवकाम सुरेख असतं, दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड निवडक असतं, नळीवर कधी कलकत्त्याच्या मॅन्टनसारख्या विक्रेत्याचं नाव सापडतं. बाजारात भावही तिलाच जास्त. 9.3 त्या मानाने साधी दिसते. बर्लिनच्या ओटो बॉकने 1905 मध्ये ती आणली तीच मुळी आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींत राहणाऱ्या शेतकऱ्यांसाठी, परवडणाऱ्या किमतीत. तिच्यावर फार नक्षी नसते, पण जर्मन प्रूफचे, म्हणजे नळीच्या दाब-चाचणीचे, छोटे शिक्के वाचत बसायला मला आवडतं.

काडतुसांचं दोघींचंही अवघड आहे. जुन्या साठ्यातली .375 अधूनमधून दिसते, 9.3 क्वचितच. जुनी कायनॉक या ब्रिटिश कंपनीची काडतुसं असतील तर त्यांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे पेंद्यातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीत, क्षार असतात. वापरल्यावर नळीत आधी उकळतं पाणी, मग तेल. नुसत्या तेलाने ते क्षार निघत नाहीत आणि जूनच्या हवेत नळी आतून गंजते. चामड्याच्या कव्हरात तर पावसाळ्यात एकही रायफल ठेवू नका.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला ती. .375 चं काडतूस लांब आहे. युद्धाआधीच्या उत्तम इंग्लिश रायफली त्यासाठी खास लांब मॅग्नम माउझर ॲक्शनवर (बोल्ट ज्यात सरकतो तो रायफलीचा मधला भाग) बांधलेल्या असत. नंतरच्या काळात अनेकांनी साधी, लष्करी लांबीची माउझर 98 ॲक्शन घेतली आणि काडतूस बसावं म्हणून मॅगझिनच्या पुढचा उतार, म्हणजे फीड रॅम्प, कापून मागेपुढे जागा केली. माझी रायफल त्यातली. वरची दोन काडतुसं झकास चढायची. तळातलं शेवटचं मात्र नाक खाली घालून रॅम्पवर अडायचं. बोल्ट अर्ध्यात थांबायचा, जोर लावला तर काडतूस आत जायचं, पण शिशाचं नाक एका बाजूने चेपलेलं असायचं आणि रॅम्पवर करड्या शिशाची रेघ उमटायची. बोटाने पुसली की निघायची, पुढच्या वेळी पुन्हा तिथेच.

कॅम्पातल्या एका जुन्या कारागिराला दाखवलं. त्याने डमी, म्हणजे दारू नसलेली नकली काडतुसं, भरून बोल्ट सावकाश चालवला, नेमकी जागा बोटाने दाखवली, रॅम्पला पॉलिश केलं, काडतुसांना खालून वर ढकलणाऱ्या पट्टीची, म्हणजे फॉलोअरची, स्प्रिंग बदलली. फरक पडला. पण कधीतरी अडणं राहिलंच. आणखी घासा म्हटल्यावर त्याने साफ नकार दिला, आणि त्याचं बरोबर होतं. बोल्टच्या खालच्या लगला, म्हणजे बोल्ट अडकवून धरणाऱ्या दाताला, मागून आधार देणारं लोखंड तिथलंच असतं. ते आधीच पातळ झालेलं, त्यात मॅग्नमचा दाब. काही जण म्हणतील, शेवटचं काडतूस भरूच नका, दोनवर भागवा. त्यांच्या दृष्टीने ते ठीक असेल. माझ्या मनाला ते पटलं नाही. रायफल उचलली की हाताला आधी तो अडथळाच आठवायचा.

9.3 चं गणित उलटं आहे. ती साध्या 98 ॲक्शनच्या मापातच बेतलेली आहे. काहीही कापावं लागत नाही, मॅगझिनमध्ये पाच बसतात, आणि पाचवंही पहिल्यासारखंच लोण्यातून सुरी जावी तसं जातं. डमी भरून मी अंधारातही बोल्ट चालवून बघितला आहे. धक्क्याबद्दल प्रत्येकाचा खांदा वेगळा. माझ्या खांद्याला .375 चा झटका तीक्ष्ण वाटतो, 9.3 चा जाड आणि सावकाश. 9.3 ने एका बैठकीत चार गोळ्या जास्त सुखाने चालवता येतात, एवढं मी नक्की म्हणेन.

शिकारीचं बोलायचं तर आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो अध्याय संपला आणि जंगलांची आजची अवस्था बघता ते योग्यच झालं. ज्यांना कायदेशीर शिकार करायची आहे ते नामिबिया किंवा दक्षिण आफ्रिका गाठतात आणि बहुतेक तिथे रायफल भाड्याने घेतात. इथे .375 चं पारडं पुन्हा जड होतं. नामिबियात म्हशीसारख्या मोठ्या जनावरासाठी गोळीला नळीच्या तोंडाशी किमान 5400 जूल ऊर्जा लागते. .375 ची 300 ग्रेनची गोळी ते सहज ओलांडते. 9.3 ची पारंपरिक 286 ग्रेनची गोळी 4800 च्या आसपास थांबते. तेव्हा म्हैस हेच स्वप्न असेल, तर माझं पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि .375 घ्या.

पण कुडू आणि गेम्सबॉक ही तिथली मोठी हरणं, रानडुक्कर यांच्यासाठी 2700 जूल पुरतात आणि तिथे 9.3 भरपूर होते. नामिबिया एकेकाळी जर्मन वसाहत होती, म्हणून तिथल्या फार्मवर ही रायफल आजही घरच्यासारखी भेटते. मी गेलो तेव्हा मला मिळालेली फार जुनी होती, दस्त्याला तार गुंडाळलेली. काटेरी झुडपांत गेम्सबॉक पहिल्या गोळीनंतर वळून उभा राहिला, तेव्हा दुसरं काडतूस कधी चढलं ते हाताला कळलंच नाही. गाल दस्त्यावरून उठला नव्हता, नेम धरायची माशी अजून त्याच्या खांद्यामागच्या त्याच जागी होती. पुण्यात घरी जिच्यावर हात बसला तीच तिथे हातात आली, याचा उपयोग किती होतो ते मी तिथे अनुभवलं.

तुमच्या वाट्याची .375 खऱ्या लांब मॅग्नम ॲक्शनवर असेल, तर माझी तक्रार तिला लागू होत नाही आणि ती सोडताना शंभरदा विचार करा. ओळखायला फार लागत नाही. बोल्ट काढा, फॉलोअर दाबा आणि विजेरी मारून रॅम्प बघा. कापल्याच्या खुणा, उरलेली पातळ कड लगेच दिसते. मग मॅगझिन डमींनी पूर्ण भरा आणि बोल्ट आधी हळू, मग झटक्यात चालवा. विक्रेता यासाठी थांबायला तयार नसेल, तर तिथून निघा.

9.3 घेणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. याच कुटुंबात 9 × 57 आणि 9.3 × 57 अशी जवळची मापं आहेत आणि जुन्या नळ्यांवर ती नेहमी स्पष्ट लिहिलेली नसतात. चेंबरचा, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेचा, साचा काढून घ्या, कागदावर विसंबू नका. दुसरं म्हणजे परवान्यावर ‘9.3 × 62’ असं पूर्ण लिहून घ्या. नुसतं ‘9 मिमी’ लिहिलं गेलं तर ते प्रतिबंधित बोअरसारखं, म्हणजे सर्वसाधारण परवान्यावर न चालणाऱ्या मापासारखं, वाचलं जातं आणि पुढच्या प्रत्येक नूतनीकरणाला खुलासे देत बसावं लागतं. रिसीव्हरवरचा (ॲक्शनच्या लोखंडी सांगाड्यावरचा) नंबर आणि हे माप, दोन्ही हस्तांतराच्या दिवशीच, सही करण्याआधी परवान्याशी ताडून बघा.