हाय-टॉप स्नीकर्सचं माप: काही महिने वापरल्यावर काय कळतं

हाय-टॉपची, म्हणजे घोटा झाकणाऱ्या उंच स्नीकर्सची, लांबी चुकली तर ते पहिल्याच दिवशी लक्षात येतं. टाच आणि पायाचा वरचा उंचवटा यांचं माप चुकलं तर मात्र दोन-तीन महिने जावे लागतात, आणि तोवर बूट बदलून घ्यायची मुदत गेलेली असते. घोट्यापर्यंत चढलेली लेस सैल बुटालाही आवळून धरते. नवा इनसोल (बुटातली तळाची गादी) फुगीर आणि कॉलरचा (घोट्याभोवतीच्या काठाचा) फोम ताठ असल्यामुळे सुरुवातीला सगळं चपखल वाटतं. पुढे फोम दबतो, कापड सैलावतं आणि आत मोकळी जागा तयार होते. ती भरून काढायला रोज लेस थोडी जास्त ओढावी लागते, मग नडगीच्या खालची शीर दुखते.

म्हणून बूट घालून बघताना वरची दोन-तीन भोकं मोकळी सोडा. लेस फक्त उंचवट्यापर्यंत बांधा आणि चाला, जिना उतरा. अशा अवस्थेत टाच साधारण अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त उचलली जात असेल, तर बूट मोठा आहे. लेस पूर्ण बांधल्यावर कितीही छान वाटला तरी. माझ्या मते हाय-टॉपसाठी याहून खरी परीक्षा नाही.

पाय मोजायचा तो संध्याकाळी, कारण दिवसभरात तो थोडा सुजतो. रोजचेच मोजे घाला, टाच भिंतीला टेकवा आणि दोन्ही पायांवर वजन टाकून उभे राहा. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा. काहींचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तेव्हा अंगठ्यावरून माप घेऊ नका. इनसोल निघत असेल तर बाहेर काढून त्यावर उभे राहा: सर्वांत लांब बोटापुढे ८ ते १२ मिलिमीटर जागा उरावी आणि करंगळीची बाजू कडेबाहेर ओघळू नये.

आकड्यांचा घोळ वेगळाच. यूके मापात एक नंबर म्हणजे सुमारे ८.५ मिलिमीटर, युरोपीय मापात सुमारे ६.७. त्यामुळे तक्त्यावरून एका पद्धतीतून दुसरीत जाताना अर्धा नंबर सहज इकडेतिकडे होतो. अमेरिकन मापात पुरुष आणि स्त्रियांच्या नंबरांतला फरक नायकीमध्ये दीडचा, तर कॉन्व्हर्सच्या ऑल स्टारमध्ये दोनचा असतो. शिवाय ऑल स्टार मुळातच साधारण अर्धा नंबर मोठा येतो. लेबलवर सेंटिमीटरचा आकडा छापलेला असेल तर तुलना त्यावरून करावी.

चवडा रुंद असणारे बरेच जण अर्धा नंबर वाढवतात. इथे खरी अडचण सुरू होते. बुटाची वाकण्याची जागा पुढे सरकते आणि बोटांच्या मुळाशी पडायला हवी ती घडी बोटांवर पडते. काही आठवड्यांत ती पक्की होते आणि प्रत्येक पावलाला बोटांवर रुतते. टाचांवर उभे न राहता चवड्यावर उभे राहून बघा, घडी कुठे पडते ते लगेच दिसेल. लेदर आणि स्वेड रुंदीला थोडे सैलावतात, कॅनव्हास त्याहून कमी, कृत्रिम साहित्य जवळजवळ नाहीच. लांबीला कुठलंच सैलावत नाही, त्यामुळे अंगठा पुढे टेकत असेल तर "वापरून सुटेल" या भरवशावर घेऊ नये. नख काळं पडतं.

लेसच्या भोकांच्या दोन ओळींमधलं अंतरही बरंच सांगतं. नव्या बुटात दोन ते तीन सेंटिमीटरची, वरपासून खालपर्यंत जवळपास सारखी फट असावी. फोम दबला की ती कमी होते. पहिल्याच दिवशी दोन्ही ओळी एकमेकींना भिडत असतील तर पुढे आवळायला जागाच उरत नाही. उलट मध्येच फट फाकत असेल तर तुमचा उंचवटा त्या बुटासाठी उंच आहे.

कॉलर घोट्याला चावते ती बहुधा बाहेरच्या बाजूने, कारण बाहेरचं हाड आतल्यापेक्षा खाली असतं. टाचेखाली दोन-तीन मिलिमीटरचा पातळ पॅड घातला की हाड काठाच्या वर येतं. पण त्याने टाचेची पकडही थोडी कमी होते, तेव्हा दोन्ही तपासा. वरचं शेवटचं भोक सोडून दिल्यानेही बरेचदा काम भागतं.

टाच थोडीशीच, अर्ध्या सेंटिमीटरच्या आत, घसरते म्हणून लगेच बूट बाद करू नका. जाड, शिवलेला कप सोल (वाटीसारख्या उभ्या कडांचा तळ) सुरुवातीला वाकत नाही, म्हणून टाच उचलली जाते. सोल वापरून मऊ पडला की ते थांबतं. व्हल्कनाइज्ड सोलचा (उष्णता देऊन पक्क्या जोडलेल्या रबरी तळाचा) पातळ बूट मात्र पहिल्यापासून वाकतो, तिथे टाच घसरली तर दोष मापाचाच. शंका असेल तर महिन्याभराने टाचेच्या आतलं अस्तर बघा. त्यावर गोळे येऊन कापड विरायला लागलं असेल तर टाच खरोखर घासते आहे. तेव्हा वरून दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकाच्या मध्ये, त्याच बाजूला लेसचा फास करून समोरची लेस त्यातून ओवा आणि आवळा. जाड इनसोलही मदत करतो, पण तो उंची भरतो, लांबी कमी करत नाही. अंगठ्यापुढे दोन सेंटिमीटर जागा असलेल्या बुटाला त्याचा उपयोग नाही.