तळेगाव ते शिवाजीनगर रोज ये-जा: लोकल की बस?

तळेगाव, देहूरोड, आकुर्डी या पट्ट्यात घर आणि पुण्यात शिवाजीनगरला नोकरी, असा योग जुळला की पहिला प्रश्न हाच पडतो. मी लोकलवाली आहे, हे आधीच सांगते. पण बसनेही काही महिने गेले आहे.

लोकल ही बसपेक्षा वेगवान आहे म्हणून लोक तिला धरून असतात, असं नाही. घरातून किती वाजता निघायचं हे तिच्यामुळे पक्कं ठरतं. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर निगडी ते दापोडी बीआरटीची, म्हणजे फक्त बससाठीची, वेगळी मार्गिका आहे, तिथवर बस बरी पळते. पुढे बोपोडी-खडकीत ती बाकीच्या वाहनांत अडकते, आणि पाऊस असेल तर आज किती वेळ लागणार हे चालकालाही सांगता येत नाही. रुळांवर सिग्नलचा चौक नाही, खड्डाही नाही.

दुसरं कारण शरीराचं. बसमध्ये उभं राहायचं तर एक हात दांड्याला लागतोच, ब्रेक लागला की तोल जातो. लोकलमध्ये पोटातलं पाणी हलत नाही. आमच्या महिला डब्यात एक मावशी कामशेतहून येतात. मांडीवर फडकं पसरून मेथी निवडायला घेतात आणि खडकी येईपर्यंत जुडी संपवून देठं पिशवीत भरतात. संध्याकाळचा अर्धा तास त्यांनी गाडीतच वाचवलेला असतो. बसमध्ये हे जमणार नाही.

पैशांत तुलनाच नको. 1 जून 2025 पासून पीएमपीचं, म्हणजे शहर बसचं, किमान तिकीट 10 रुपये झालं, लोकलचं 5 रुपयांपासून सुरू होतं. महिन्याच्या पासात तर हा फरक फारच वाढतो.

आता लोकलची खोट. पुणे-लोणावळा हा 64 किलोमीटरचा मार्ग दुपदरी आहे. लांब पल्ल्याच्या गाड्याही त्यावरूनच जातात, त्यामुळे मागून एक्स्प्रेस आली की लोकल बाजूला थांबते. दुपारी दोन गाड्यांमध्ये मोठं अंतर पडतं. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेची मागणी म्हणूनच इतकी जिव्हाळ्याची आहे. एक गाडी चुकली की फलाटावर बसून राहावं लागतं; बस चुकली तर मागून दुसरी येते.

शिवाय रेल्वे जाते तिथेच जाते. हिंजवडीला ऑफिस असेल तर बसला पर्याय कमीच. मंडई-स्वारगेटकडे जायचं असेल तर मात्र 29 सप्टेंबर 2024 पासून सोय झाली आहे: शिवाजीनगरला उतरायचं आणि तिथून भुयारी मेट्रो धरायची.

सकाळी जाऊन संध्याकाळी परत, अशी ठरलेली वेळ असेल तर डोळे मिटून लोकलचा पास काढा. शिफ्ट दुपारी सुटत असेल, तर पास काढण्याआधी परतीच्या गाड्यांच्या वेळा बघून घ्या, आणि घरापासून स्टेशनपर्यंत एकदा चालून किती मिनिटं लागतात तेही मोजा.