पत्र्याचा कूलर: नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराचा अभिप्राय

विषय कूलरचा आहे, एसीचा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ठाण्याची लेक दर एप्रिलात फोनवर तेच विचारते, "आई, एसी काहून नाही घेत तुम्ही?" तिकडे राहून इतकी वर्षं झाली तरी तिचं 'काहून' काही सुटलं नाही. आमचं उत्तरही ठरलेलं. नागपूरच्या मे महिन्यात कूलर जे काम करतो ते ठाण्यात बसून कळणार नाही बाप्पा. तिथल्या दमट हवेत कूलर लावला तर नुसता चिकचिकाट.

याआधीचा आमचा कूलर प्लास्टिकचा होता, चांगल्या नावाजलेल्या कंपनीचा. नाव घेत नाही. दिसायला देखणा, रिमोट होता, निळा दिवा लागायचा. ऐन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, पंप बंद पडला. तक्रार नोंदवली तर म्हणे माणूस आठ दिवसांनी येईल. नवतपा असतोच नऊ दिवसांचा! तेव्हाच ठरवलं की पुढचा कूलर असा घ्यायचा, जो गल्लीतला कोणताही मिस्त्री पान्ह्याने उघडू शकेल.

म्हणून हा पत्र्याचा. कॉटन मार्केटच्या बाजूला कूलर बनवून देणारे बसतात, त्यांच्यातल्या एकाकडून. 18 इंची पंखा, 80 लिटरची टाकी, तीन बाजूंना पाण्याने भिजणाऱ्या गवताच्या ताट्या, खाली लोखंडी स्टँड. स्टँड धरून साडेआठ हजार. खिडकीचं माप नेलं होतं, त्या मापाने त्याने पुढचं तोंड करून दिलं. ही सोय कंपनीच्या कूलरला नाही. आमच्या खिडक्या सासऱ्यांनी 1958 साली सुताराकडून करवून घेतल्या, त्यामुळे जगातल्या कुठल्याच मापात त्या बसत नाहीत. कारागीर म्हणाला, "काकू, प्लास्टिकवाला दोन वर्षांत पिवळा पडते. हा नातवाच्या लग्नापर्यंत चालते." नातू सहावीत आहे, तेव्हा बघू.

घेणाऱ्यांना एक सांगते, मोटर तांब्याच्या वाइंडिंगचीच मागा. ॲल्युमिनियमची चारपाचशे रुपयांनी स्वस्त पडते, पण दुपारभर चालवली की तापते. दुकानदार आपणहून सांगत नाही, विचारलं की सांगतो.

आता गारव्याचं. आमचे हे शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले तरी विद्यार्थी लागतोच, सध्या मी आहे. कूलर आला त्या दुपारी यांनी दोन थर्मामीटर लावले, एक ओसरीत आणि एक कूलरच्या तोंडाशी. मोबाइलवर तक्ता केला, त्याचा आलेख काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. बाहेर 44, कूलरच्या तोंडाशी 28, खोलीच्या मध्यावर 31. सोबत खुलासा: हवेत ओलावा 15 टक्के असेल तर 44 डिग्रीला ओल्या फडक्याचा थर्मामीटर 23 च्या आसपास थांबतो, त्याच्याखाली कूलर जाऊच शकत नाही. चांगल्या ताटीचा कूलर 44 ते 23 मधलं पाऊण अंतर कापतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्च होते, एवढाच सगळा खेळ. हवा जितकी कोरडी तितका कूलर गार, म्हणून हे यंत्र विदर्भाचं. ग्रुपवर नातवाने अंगठा दाखवला, जावयांनी हात जोडले. वाचलं किती जणांनी, देव जाणे.

आकड्यांवर यांचा भारी जीव. 2024 च्या मेअखेर रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने 56 डिग्री दाखवलं, तेव्हा सगळ्या शहरात तो आकडा फिरत होता. हे एकटे ठामपणे सांगत होते की यंत्र बिघडलं असणार. नंतर हवामान खात्यानेही सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. तेव्हापासून घरात यांचा शब्द प्रमाण, निदान तापमानाच्या बाबतीत. भाजीत मीठ किती, ते अजून मीच ठरवते.

पण कूलर कितीही चांगला असला तरी घर साथ देतं की नाही, त्यावर सगळं आहे, आणि हे कुठल्याच अभिप्रायात लिहिलेलं मला दिसलं नाही. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तितकीच हवा बाहेर जायला वाट पाहिजे. वाट नसेल तर तासाभरात खोली दमट होते, पापड मऊ पडतात, गादी ओलसर लागते, आणि लोक शिव्या कूलरला देतात. आमच्या मधल्या खोलीला छताखाली दोन रोशनदानं आहेत. पोरं लहान असताना त्यातून चिमण्या यायच्या, म्हणून मी ती बुजवायला सांगत होते. सासरे ऐकले नाहीत. आज तीच रोशनदानं सगळी गरम हवा ओढून नेतात. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीकडे याच कारागिराचा, याच मापाचा कूलर आहे, पण तिला तो आवडत नाही. तिच्या खोलीला समोरासमोर खिडकीच नाही. तिला म्हटलं, दार चार बोटं उघडं ठेव. तिला प्रायव्हसी पाहिजे.

जुन्या घराच्या खोड्याही सांगायला हव्यात. कूलर तीनवर केला की कोठीचं दार आपोआप उघडतं. पहिल्या रात्री मी "कोण आहे?" म्हणून ओरडले होते. हवेच्या दाबाने होतं ते. आता कडीला सुतळी बांधतो. दुसरी खोडी वाटणीतली. दिरांचं आणि आमचं घर वेगळं झालं तेव्हा मधे भिंत आली आणि आमच्या ओसरीच्या दिव्याचं बटण त्यांच्या स्वयंपाकघरात राहिलं. वायर बदलायचं दरवर्षी ठरतं. तोवर संध्याकाळी मी भिंतीवर टकटक करते, जाऊबाई दिवा लावतात, आणि त्यासोबत त्यांच्याकडे भाजी काय झाली तेही कळतं. हे बटण हलवायची दोन्ही घरांत कुणालाच घाई नाही, असा मला संशय आहे.

आवाज म्हणाल तर आहे, भरपूर आहे. एकवर घरघर, तीनवर बोलायला ओरडावं लागतं. धाकटी नात पाच वर्षांची, तिला झोपताना व्हिडिओ कॉलवर गोष्ट लागते. पहिल्या दिवशी तिने मधेच विचारलं, "आजी, तुमच्याकडे पाऊस पडतोय?" ताटीवरून पाणी टपकतं त्याचा आवाज होता तो. आता रोज गोष्टीत पाऊस पाडावा लागतो. मोठा नातू मात्र वेगळ्या जातीचा. मागच्या वर्षी इकडे आला तर म्हणाला, तुम्ही आजी-आजोबांसारखे वाटतच नाही. का, तर मी पहाटे पाचला अंबाझरी तलावावर फिरायला जाते, हे फोनवर अनोळखी माणसांशी बुद्धिबळ खेळतात, आणि दुपारी तीनला दोघांपैकी कुणालाही हाक मारली तर उत्तर येत नाही. अरे, 45 डिग्रीत उत्तर द्यायला आम्ही काय वेडे आहोत? कूलरसमोर आडवं व्हायचं, उठल्यावर पन्हं प्यायचं. इथल्या शाळाही उन्हामुळे तिकडच्यापेक्षा उशिरा उघडतात, हे ऐकून मात्र त्याला नागपूर एकदम आवडलं.

ताट्यांचं बघा. एप्रिलात रस्त्याकडेला ढीग लागतात. ज्याला सगळे गवत म्हणतात ते खरं लाकडाच्या बारीक ढलप्यांचं असतं. दरवर्षी बदलायचं, कारण दबून खाली बसतं आणि वरच्या बाजूने गरम हवा शिरते. वाळ्याच्या ताट्या महाग, वास स्वर्गीय, पण गारवा तेवढाच. मी मधला मार्ग काढला, बाजूच्या दोन गवताच्या आणि मागची एक वाळ्याची. नव्या गवताला पहिले दोनचार दिवस ओल्या लाकडाचा वास येतो, तो जातो. बोअरचं पाणी टाकलं तर पांढरे क्षार धरतात, म्हणून शक्यतो नळाचं टाका. दुपारभर चालवला तर संध्याकाळपर्यंत टाकी तळाला लागते. ज्यांच्याकडे नळ एक दिवसाआड येतो त्यांनी आधी हा हिशेब करावा, मग कूलरचा.

विजेचं बिल हा याचा खरा मोठेपणा. पंखा आणि पंप मिळून 200 वॉटच्या आत. दीड टनाचा एसी भर उन्हात दीड हजार वॉटच्या घरात जातो. यांनी याचाही तक्ता केला आहे, मागितलात तर पाठवतील. न मागताही पाठवतील.

आता काळजीचं, आणि इथे गंमत नाही. बॉडी पत्र्याची, आत पाणी आणि शेजारी वीज. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, जास्त करून पाणी भरताना. अर्थिंग तपासल्याशिवाय, तीन पिनच्या प्लगशिवाय हा कूलर लावू नका. आमच्या घरचं वायरिंग जुनं, म्हणून आधी इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग करवून घेतलं आणि विजेची गळती झाल्यास पुरवठा तोडणारा स्विच बसवला. पाणी भरताना प्लग काढायचा, बटण बंद करून भागत नाही. नातवंडं येतात तेव्हा पुढे प्लास्टिकची खुर्ची आडवी ठेवतो. शिवाय आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासायची. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठदहा दिवस पुरतात आणि त्याला कूलरचं पाणी फार आवडतं. घासायचं काम यांच्याकडे आहे. आलेख काढणारा माणूस टाकीसुद्धा नेमाने घासतो, हे मला लग्नाच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

नावं ठेवायची तर तीन. जड आहे, आम्हा दोघांना हलत नाही. तळाशी गंज धरतो, म्हणून दिवाळीनंतर आतून डांबराचा हात मारावा लागतो. आणि जुलै लागला की हा निव्वळ मोठा पंखा, पंप बंद ठेवायचा. पाचपैकी चार तारे देते. पाचवा दिला असता, पण पाणी भरायचं तोंड इतकं अरुंद ठेवलंय की बादलीतलं निम्मं पाणी माझ्या पायावर.

जाऊबाईंनी आमचा बघून याच माणसाकडे तसाच कूलर सांगितला आहे. त्यांच्या बाजूला रोशनदान नाही. काल दीर येऊन मधल्या भिंतीकडे बराच वेळ बघत बसले होते. मग म्हणाले, "वहिनी, इथे वरती एक भोक पाडलं तर आमची हवा तुमच्याकडून जाईल ना?" हे म्हणाले, आधी दिव्याचं बटण द्या. बोलणी चालू आहेत.