येरवडा कारागृहाची सतरंजी : दोन वर्षं वापरून झाल्यावर

मी मूळची सोलापूरची. वडील यंत्रमागावर होते, त्यामुळे कापड हातात आलं की आधी उलटं करून बघायची खोड. विश्रांतवाडीला राहायला आल्यावर सहा बाय नऊची सतरंजी हवी होती. येरवडा कारागृहात बंद्यांनी बनवलेल्या वस्तूंचं विक्री केंद्र आहे, तिथे गेले.

खरं सांगते, आत शिरताना पर्स काखेत घट्ट धरली होती. समोर रचलेले टॉवेल, कोपऱ्यात सागवानी खुर्च्या, काउंटरवर पावतीपुस्तक. कशाची भीती वाटत होती कोण जाणे.

सतरंजी निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, सुती. उलटी केली: दोन्ही बाजू सारख्या. नखाने धागा सरकवून बघितला, हलला नाही. काठ सरळ, दशांना एकेक करून गाठ मारलेली. ओला रुमाल घासला, रंग लागला नाही. सोलापूरच्या कापडबाजारात, चाटी गल्लीत, मी एवढ्या तपासणीनंतर निदान वीस मिनिटं घासाघीस करते. इथे मुकाट्याने छापील किंमत दिली. घडी एवढी जड की रिक्षाच करावी लागली. पण सतरंजी जडच हवी, पंख्याने कोपरा उडायला नको.

दोन वर्षांत सात-आठ धुण्या झाल्या. आटली नाही, पट्टे वाकडे झाले नाहीत. वाळत घालायला मात्र दोन माणसं लागतात.

अडचण आली ती सत्यनारायणाला. आत्तीने मांडी घालता घालता विचारलं, "कुठली गं ही?" मी सांगितलं. ती उठली ती थेट प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. "कुणाच्या हातची कुणास ठाऊक!" म्हणाली. साठ वर्षं सोलापुरी चादर पांघरली, कधी विणणाऱ्याची चौकशी केली नाही बाईने.

मी तिला विंडसरच्या राजवाड्यातला गालिचा सांगून बघितला. आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला, वॉटर्लू चेंबरमध्ये अंथरतात तो. "राणीला चालतं, मग तुला का नाही?" तर म्हणे, "राणीकडे सत्यनारायण असतो का?" यावर काय बोलणार!

पण हा सूर मला नवा नाही. लहानपणी हीच आत्ती मला बजावायची, सेटलमेंटच्या, म्हणजे इंग्रजांनी कुंपण घालून वसवलेल्या वस्तीतल्या, पोरींशी खेळायचं नाही. वर्गातली माझी एक मैत्रीण तिथली. तिच्या आजोबांनी काय केलं होतं? काही नाही, कैकाड्याच्या घरी जन्मले होते. अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा इंग्रजांनी १८७१ साली केला. येरवड्याचं कारागृहही त्याच सालचं. कैदेची शिक्षा व्हायला निदान खटला तरी चालावा लागतो. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये अख्खी कुटुंबं तारेच्या कुंपणात, रोजची हजेरी, आणि त्यातलेच हात गिरण्यांना कामाला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभरातून गेला. मी शाळेत होते सत्तरच्या दशकात, आणि आत्तीचा कायदा तेव्हाही चालूच होता. मीही त्या मैत्रिणीला कधी घरी बोलावलं नाही, हे इथे लिहून टाकते.

तर, घ्यावी का? जरूर. विणणाऱ्याला कामाची मजुरी मिळते आणि आपल्याला टिकाऊ माल. मापाची पट्टी घरून न्या, आणि पाहुण्यांनी विचारल्याशिवाय सांगायचं की नाही ते आधी ठरवा. मी सांगते. मामेबहीण म्हणाली, पावतीवर 'कारागृह' लिहिलंय, फाडून टाक. ती फाइलमध्ये लावलीय, वॉशिंग मशीनच्या वॉरंटी कार्डाशेजारी.