आंघोळीची भीती दाखवून केलेली लूट : स्टोमा बॅग वापरणाऱ्यांनी सावध राहावे

आतड्याचे टोक पोटावर बाहेर आणून केलेल्या तोंडावर, म्हणजे स्टोमावर, मल गोळा करणारी स्टोमा बॅग घेऊन घरी परतलेल्या रुग्णाला पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त छळणारा प्रश्न आंघोळीचा असतो, आणि नेमका हाच प्रश्न हेरून पैसे उकळणारी माणसे ठाणे आणि नवी मुंबईत घरोघर पोहोचत आहेत. माझ्या आईच्या बाबतीत जे घडले ते मी सविस्तर लिहीत आहे, कारण ज्या खोट्या माहितीच्या जोरावर तिला फसवले गेले ती माहिती कित्येक सुशिक्षित घरांतही खरी मानली जाते.

आई ऐरोलीला आमच्याकडे राहते. गुदाशयाच्या कर्करोगासाठी तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, गुदाशय काढून टाकावा लागला आणि मोठ्या आतड्याचे टोक पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर आणून कायमची कोलोस्टोमी करण्यात आली. घरी सोडताना परिचारिकेने बॅग रिकामी कशी करायची आणि पोटावर चिकटणारी फ्लँज कशी बदलायची हे दाखवले, परंतु बिल, औषधे आणि विम्याची कागदपत्रे यांच्या धावपळीत आंघोळीविषयी रुग्णालयातून कोणी काही सांगितले नाही. टाके सुकल्यावर डॉक्टरांनी आंघोळीला परवानगी दिली, तेवढ्यात एका माणसाचा फोन आला. त्याला आईचे नाव, शस्त्रक्रियेचा प्रकार आणि डॉक्टरांचे आडनाव ठाऊक होते. आपण रुग्णालयाच्या वतीने स्टोमाच्या रुग्णांची घरी येऊन मोफत तपासणी करतो, असे त्याने सांगितले. इतकी माहिती असलेला माणूस बाहेरचा असेल अशी शंका येण्याचे कारणच नव्हते. असा कोणीही आपला कर्मचारी नाही, असे त्या रुग्णालयाने आम्हाला नंतर कळवले, पण रुग्णाची माहिती बाहेर कशी गेली याचे उत्तर आजही दिलेले नाही.

तो आला तेव्हा गळ्यात एका परदेशी कंपनीचे चिन्ह असलेले ओळखपत्र होते, हातात मोजे घालून त्याने स्टोमा पाहिला आणि अतिशय अदबीने बोलायला सुरुवात केली. “काकू, या तोंडातून पाण्याचा एक थेंब जरी आत गेला तरी आतड्याला जंतुसंसर्ग होतो आणि पोट पुन्हा उघडावे लागते,” हे त्याचे शब्द माझ्या समोरचे आहेत. एवढ्यावर तो थांबला नाही. आमचा देव्हारा त्याच्या नजरेस पडला होता. आईने आयुष्यभर आंघोळ झाल्याशिवाय देवाला हात लावलेला नाही, हे तिच्याच तोंडून काढून घेऊन त्याने तिला सांगितले, की ती जागा नुसत्या पाण्याने कधीच शुद्ध होत नाही, त्यासाठी वेगळे द्रावण लागते. आजारी माणसाच्या श्रद्धेवर असा घाव घालणे मला पैशांच्या फसवणुकीपेक्षाही नीच वाटते.

त्यानंतर माल बाहेर निघाला. आंघोळीच्या वेळी बॅगेवर चिकटवायची आणि एकदा वापरून टाकून द्यायची जलरोधक आवरणे, गुलाबी रंगाच्या सुवासिक द्रावणाच्या बाटल्या, आणि सहा महिने पुरतील इतक्या बॅगा व आधीच भोक कापलेल्या फ्लँज, असा सगळा संच साडेअठरा हजार रुपयांना देण्यात आला. माल आयात होतो, पुढच्या महिन्यापासून भाव वाढणार आहेत, हेही सांगून झाले. रक्कम यूपीआयने एका खासगी नावाच्या खात्यावर घेतली गेली आणि बिल कुरिअरने पाठवतो असे आश्वासन मिळाले. ते बिल कधीच आले नाही.

पुढचे काही आठवडे आईने जी आंघोळ केली तिला आंघोळ म्हणणे कठीण आहे. प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून, एक हात पोटावरच्या आवरणावर घट्ट दाबून धरून, ती दुसऱ्या हाताने मगाने पायांवर पाणी ओतून घ्यायची आणि खांदे व पाठ माझी पत्नी ओल्या पंचाने पुसून काढायची. नळाचा शिंतोडा पोटाच्या दिशेला उडाला तरी ती दचकायची. त्या द्रावणाने जागा पुसल्यावर कातडीवर तेलकट थर राहायचा, त्यामुळे फ्लँजची कड दुसऱ्याच दिवशी सुटायची, मल खाली झिरपायचा, आणि झिरपले म्हणून पुन्हा तेच द्रावण लावले जायचे. काही दिवसांत स्टोमाभोवतीची कातडी लालभडक होऊन ओली राहू लागली. फोन केला तेव्हा त्या माणसाने ही ॲलर्जी असल्याचे सांगून आणखी एक मलम घेण्याचा आग्रह धरला. ते नाकारल्यावर त्याने आमचे फोन उचलणेच बंद केले.

आईला शेवटी एका मोठ्या रुग्णालयाच्या स्टोमा क्लिनिकमध्ये नेले, आणि तेथील स्टोमा नर्सने जे समजावले ते या लेखाचे खरे कारण आहे. स्टोमा म्हणजे आतड्याचे अस्तर. गालाच्या आतल्या बाजूसारखे ते लाल आणि ओलसर असते, आणि आतड्याची हालचाल आतून बाहेरच्या दिशेने होत असल्यामुळे आंघोळीचे पाणी त्यातून आत शिरत नाही. आंघोळ बॅग लावून करता येते आणि बॅग पूर्ण काढूनही करता येते. शॉवरची जोरदार धार थेट स्टोमावर येऊ द्यायची नाही, एवढेच पथ्य पुरेसे आहे. अंगाला लावलेल्या साबणाचा फेस ओघळून तेथे आला तर अपाय होत नाही, मात्र तो पाण्याने पूर्ण निघून गेला पाहिजे. प्रत्यक्ष स्टोमाभोवतीची कातडी स्वच्छ करायला साधे कोमट पाणी आणि मऊ कापड लागते, त्याहून अधिक काही लागत नाही. डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट यांनी कातडी जळते, आणि मॉइश्चरायझर असलेले साबण, बाळांसाठीचे ओले वाइप्स, पावडर किंवा तेल यांचा थर राहिला की फ्लँज धरत नाही. दिवाळीचे अभ्यंगस्नान करायचे असेल तर तेल आणि उटणे त्या भागापासून दूर ठेवावे, असेही तिने आवर्जून सांगितले. स्टोमा पुसताना रक्ताचा एखादा ठिपका दिसणे नेहमीचे आहे. रक्त थांबत नसेल किंवा स्टोमाचा रंग काळपट, जांभळट होऊ लागला तर मात्र ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. स्टोमाला वेदना जाणवत नाही, त्यामुळे पाणी कढत नाही ना हे आधी हाताने पाहायचे, ही गोष्ट आम्हाला आजवर कोणीच सांगितली नव्हती.

बॅग काढून आंघोळ करायची तर वेळ निवडावी लागते. आईसारख्या कोलोस्टोमीच्या रुग्णांना बहुधा ठरावीक वेळी मल येतो, तो येऊन गेल्यावर निवांत आंघोळ करता येते. लहान आतड्याचे टोक बाहेर आणलेल्या, म्हणजे इलिओस्टोमी असलेल्या रुग्णांना सकाळी काही खाण्यापूर्वीची वेळ सोयीची पडते. बॅग लावून आंघोळ करणाऱ्यांनी बॅगेवर वायू बाहेर जाण्यासाठी फिल्टर असेल तर सोबत मिळणारे छोटे स्टिकर त्यावर लावावे, कारण भिजलेला फिल्टर नीट काम करत नाही, आणि नंतर फ्लँजच्या कडा व बॅगेची मागची बाजू टॉवेलने टिपून कोरडी करावी. ऐरोलीसारख्या खाडीकाठच्या दमट हवेत बॅगेमागे घाम साचतो, त्यामुळे ही शेवटची पायरी गाळून चालत नाही.

फसवणूक किती खोलवर होती हे त्यानंतर उघड झाले. नर्सने मोजपट्टीने स्टोमा मोजला तेव्हा त्याचा व्यास सुमारे ३० मिलिमीटर भरला, आणि आमच्याकडच्या फ्लँजमधील कापलेले भोक ४५ मिलिमीटरचे होते. शस्त्रक्रियेनंतर सुजलेला स्टोमा पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत आकसतो, म्हणून या काळात दर वेळी मोजून भोक कापायचे असते आणि ते स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे ठेवायचे असते. आमच्या बाबतीत चहूबाजूंनी सात-आठ मिलिमीटर कातडी उघडी राहून मलात भिजत होती. सहा महिन्यांचा कापलेला माल या टप्प्यावर विकणे ही जाणूनबुजून केलेली लबाडी आहे, कारण या व्यवसायातील कोणालाही ही गोष्ट ठाऊक असते.

मग नर्सने खोका खिडकीपाशी नेला आणि लेबलची कड नखाने उचलली. वरचे पांढरे स्टिकर सावकाश निघून आले आणि खाली मूळ छपाई दिसली: मुदत आदल्या वर्षीच संपलेली, आणि कमाल किरकोळ किंमत आम्ही मोजलेल्या दराच्या निम्म्याहून कमी. फ्लँजचा चिकट भाग जिलेटिन, पेक्टिन आणि सेल्युलोजपासून बनलेला असतो; तो जुना झाला किंवा उन्हात पडून राहिला की त्याची पकड जाते. शिवाय संचातील काही बॅगा निराळ्याच कंपनीच्या निघाल्या. दोन भागांच्या प्रकारात फ्लँजची आणि बॅगेची कडी एकाच कंपनीची व एकाच मापाची असावी लागते, नाहीतर ती नीट बसत नाही. द्रावणाच्या बाटलीवर उत्पादकाचा पत्ता नव्हता आणि परवाना क्रमांकही नव्हता.

त्याच दिवशी क्लिनिकच्या बाथरूममध्ये नर्सने आईची बॅग काढली आणि तिला शॉवरखाली उभे केले. सुरुवातीला आई डोळे मिटून, भिंतीवरचा दांडा पकडून उभी होती. पाणी पोटावरून वाहत राहिले, काहीही झाले नाही, आणि मग तिने स्वतःच साबणासाठी हात पुढे केला.

घरी कोणी असा माल घेऊन आले तर पैसे देण्यापूर्वी रुग्णालयाच्या मुख्य क्रमांकावर फोन करून त्या माणसाची खातरजमा करावी आणि पक्के बिल मागावे. बिलाला टाळाटाळ झाली की व्यवहार तेथेच थांबवावा. खोक्यावर आयातदाराचे नाव व पत्ता, आयात परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि कमाल किरकोळ किंमत असलीच पाहिजे, आणि लेबलवर दुसरे लेबल दिसले तर ते उचलून पाहावे. देशात १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत, त्यामुळे असा माल विकणाऱ्याविरुद्ध राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. ग्राहक म्हणून १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर दाद मागता येते, आणि पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार क्रमांकावर जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. ग्राहक आयोगात जायचे असल्यास दोन वर्षांची मुदत आहे.

आमची तक्रार दाखल झाली आहे, पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत. त्या माणसाचा क्रमांक बंद लागतो, परंतु तशीच गुलाबी द्रावणाची बाटली अलीकडे वाशीला राहणाऱ्या एका रुग्णाच्या घरी आमच्या पाहण्यात आली, म्हणजे तो धंदा थांबलेला नाही. ज्यांच्याकडे असा संच असेल त्यांनी तो वापरणे लगेच बंद करावे, पण फेकून देऊ नये. एखादा खोका तपासून बाकीच्यांवरची स्टिकरे जशीच्या तशी राहू द्यावीत आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा; आमच्याकडे तपासासाठी अधिकाऱ्यांनी सर्वांत आधी याच दोन गोष्टी मागितल्या.